मागे कोणता रंग?

सव्वासहाला जेलरोडच्या मैदानावर
दोंदे सर फक्की ओढतात,
वाकून, मागे मागे चालत.
खिळ्याने भोकं पाडलेल्या डब्यातून
एक शिडी उतरते जमिनीवर. बारा घरं,
कुठेच न चढणारी.

जानेवारी आहे. दसकच्या बाजूचं नदीचं धुकं
गोलच्या जाळीत अडकून बसलंय.
आम्ही सोळा जणी, तळहात बगलेत.

"आत, आत, बाहेर, बाहेर.
टाच टेकवायची नाही. टाच म्हणजे बसायचा पाट.
जेवायला आलोय का आपण?"

पहिल्या दिवशी मी पायांकडे बघितलं
आणि पाय एकमेकांत गुंतले.
सर म्हणाले, पाय तुझेच आहेत, कुठे जात नाहीत.
वर बघ. किती बोटं?
तीन.
आता?
दोन. नाही, चार.
"उशीर झाला. बॉल गेला."

तीस वर्षं सर प्रेसमध्ये होते,
छापून आलेल्या नोटांच्या तावांत चूक शोधायला.
एखादी रेष तुटलेली, एखादा आकडा लंगडा,
शाई केसाएवढी सरकलेली.
लाखो रुपये डोळ्यांखालून गेले, सर सांगतात,
एकही डोळ्यात राहिला नाही.
बरोबर असलेलं दिसतच नाही, पोरींनो,
चुकलेलं तेवढं दिसतं.
आमच्यातलंही त्यांना तेच दिसायचं :
हर्षदाचा बाहेर वळणारा घोटा,
पास येताना मिटणारी माझी पापणी.

शेवटची दहा मिनिटं रंगांची.
पाठीमागे एकीच्या हातात फडकी,
लाल, पिवळं, निळं,
आणि काकूंच्या जुन्या परकराचं एक,
ज्याला आम्ही डाळिंबी म्हणायचो, सर वांगी.
समोरून बॉल सुटायच्या आत
मान वळवायची, रंग ओरडायचा,
मान परत, आणि झेल.
"बॉल काय, कुत्र्यालाही दिसतो.
बॉलच्या आधीचं बघा."

त्या बुधवारी हर्षदाने डावीकडून सरांना पास दिला,
साधा, छातीच्या उंचीचा, नमस्कारासारखा.
सर हलले नाहीत.
बॉल कानावर बसला. शिट्टी तोंडातून सुटून
दोरीवर लोंबत राहिली.
आम्ही हसलो. तेही हसले.
झुलेखा मात्र मध्येच थांबली.
ती गोलकीपर, तिला कडांकडे बघायची सवय.

दुसऱ्या दिवशी शिडीपाशी
सर आम्हाला बोटं विचारत होते
आणि त्यांच्या डाव्या खांद्याशी उभी राहून
झुलेखा पाच बोटं दाखवत होती.
मग दोन. मग नुसती मूठ.
सर पुढच्या मुलीला म्हणाले, चल, तू.

काचबिंदू हा शब्द आम्हाला खूप नंतर कळला.
तो कडेने येतो म्हणे,
चांगल्या विंगरसारखा,
गोल झाल्यावरच दिसतो.

कोणी काही बोललं नाही.
एक नियम मात्र निघाला :
पास देताना आधी नाव घ्यायचं, मोठ्याने.
कोणी काढला, कोणी विचारलं नाही.
"सर!" असं आम्ही इतक्या वेळा ओरडतो आता
की पाणी मारायला आलेला माळी
दर वेळी दचकून वळतो.

सुटल्यावर बिटकोचा चौक ओलांडायचा असतो.
रिक्षा, व्हॅन, सिन्नर फाट्याकडून येणारे ट्रक.
सर दुभाजकाशी थांबतात,
मान डावीकडे वळवतात, पार खांद्यापर्यंत,
आम्हाला शिकवली तशीच,
आणि तरी उशीर होतो.

मी त्यांच्या डावीकडून चालते.
"पिवळं," मी पुटपुटते. शाळेची व्हॅन जाते.
"निळं." टेम्पो.
"काही नाही. चला."
सर समोरच बघतात. टाच न टेकवता
चार पावलं टाकतात, झटक्यात,
बासष्टाव्या वर्षी.
मग रस्त्याच्या मधोमध विचारतात,
"मागे?"

"वांगी," मी म्हणते.
मागे कोणीच नसतं.